चर्चचा दिवा आणि ड्रिलचं भोक

परवा इथे फ्रान्समध्ये, ल्योनच्या जुन्या बाजारात एक चर्चचा टांगता दिवा दिसला आणि माझं डोकंच फिरलं. दिवा सुंदर, एकोणिसाव्या शतकातला, पितळेचा. वर छोटी छत्री, तिथून तीन साखळ्या, खाली फुगीर वाडगा, त्यावर द्राक्षवेल, आत लाल काच. वसईकरांना सांगायला नकोच, पण बाकीच्यांसाठी सांगते, पवित्र प्रसाद ठेवतात त्या पेटीसमोर हा अखंड तेवत ठेवायचा, पूर्वी ऑलिव्ह तेलावर. म्हणजे आपला नंदादीपच. आणि त्या विक्रेत्याने बुडाला चक्क ड्रिलने भोक पाडून वायर ओवलेली! वर मलाच सांगतो, बाथरूममध्ये मस्त दिसेल. अहो, बाथरूममध्ये?

असले दिवे बाजारात येतात कारण १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या मोठ्या सभेनंतर, इथल्या बऱ्याच चर्चमधली सजावट कमी केली गेली, नन्सचे मठही बंद पडत गेले, आणि सामान निघालं. कायदा मात्र भारी आहे हं. १९०५ मध्ये फ्रान्समध्ये चर्च आणि सरकार वेगळं झालं, तेव्हाची गावची चर्चेस बहुतेक गावाच्याच मालकीची, आतलं सामानही, त्यामुळे पाद्रीबाबांना वाटलं म्हणून दिवा विकता येत नाही. कुणा देवस्थानाच्या ट्रस्टींनी हे वाचावं, एवढंच म्हणते.

आता म्हणाल, आपल्याकडे तरी जुन्या बाजारात लामणदिवे मिळतातच की. मिळतात, पण ते बहुतेक घरातले, वाड्यातले. आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा आणलेल्या पोर्तुगीज घंटा बघा, लुटीतल्या म्हणा हवं तर, पण भीमाशंकरला, मेणवलीला देवापुढेच टांगल्या, कुणाच्या हॉलमध्ये नाही. मला तर याचा अभिमानच वाटतो.

आणि हो, दुसऱ्या दुकानातून एक दिवा मी घेतलाच, बिनभोकाचा. नवरा म्हणाला तूही तेच करतेयस. मुळीच नाही. माझ्याकडे तो गणपतीसमोर आहे, त्यात तेल आहे, वात आहे, रोज संध्याकाळी पेटतो. फक्त लाल काचेला आतून काजळी फार धरते. वसईच्या कुणाला अशा दिव्याची वात किती बारीक ठेवायची माहीत असेल तर प्लीज कळवा.