डॉट सेटिंग्ज उडवलं आणि सगळ्यांची सकाळ गेली

परवा रात्री मला रिपोची, म्हणजे टीमचा कोड ठेवलेल्या गिटच्या साठ्याची, झाडलोट करायची हुक्की आली. आमचं एक जुनाट जावा प्रोजेक्ट आहे, अँट या बिल्ड टूलवर चालणारं, मेव्हन वगैरे दुसऱ्या टूलची भानगड नाही, एक्लिप्स या कोड एडिटरमध्ये उघडलं की तीसेक मॉड्यूल दिसतात आणि प्रत्येकात एक डॉट सेटिंग्ज फोल्डर, तेही गिटमध्ये. म्हटलं ही एडिटरची अडगळ इथे कशाला, गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने कशाकडे दुर्लक्ष करायचं त्या यादीत, एक ओळ टाकली, गिट आरएम या काढून टाकायच्या कमांडला कॅश्ड लावून सगळी काढली, पुश करून सर्व्हरवर पाठवलं आणि निवांत झोपलो.

माझ्याकडे काहीच बिघडलं नाही, कारण कॅश्ड लावलं की माझ्या डिस्कवरची फाईल तशीच राहते. पण कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, ती डिलीट म्हणूनच जाते! म्हणजे सकाळी ज्याने ज्याने पुल करून नवा कोड घेतला त्याच्याकडून फोल्डर गायब. हे मला माहीत असायला हवं होतं, एवढी वर्षं गिट वापरतोय राव.

साडेनऊला पहिला मेसेज, "अरे काय केलंस रे, वीस मिनिटं झाली, बिल्डिंग वर्कस्पेसच चालू आहे." म्हणजे एक्लिप्स अख्खा कोड पुन्हा कंपाईल करत बसलेलं. मग दुसरा, मग तिसरा. लॅपटॉपचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे सुरू.

झालं काय, तर त्या फोल्डरात जेडीटी कोरची, म्हणजे एक्लिप्सच्या जावा कंपायलरची, प्रेफ्स (सेटिंग्जची) फाईल असते, त्यात सोर्स लेव्हल, कम्प्लायन्स म्हणजे कोड जावाच्या कुठल्या व्हर्जनचा धरायचा ते, कुठली वॉर्निंग दाखवायची आणि कुठली नाही हे सगळं. एरवी एक्लिप्स फक्त बदललेली फाईल आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या फायली कंपाईल करतं, कोण कोणाला वापरतं याची नोंद मेटाडेटा फोल्डरात ठेवलेली असते. पण नियमांची फाईलच उडाली की आधी कंपाईल होऊन तयार झालेल्या क्लास फायली कुठल्या नियमाने बनल्या होत्या त्याला काही अर्थ उरत नाही, मग सगळं पहिल्यापासून. तीस मॉड्यूल, तीस वेळा.

यावरून एक्लिप्सला शिव्या घालणारे बरेच भेटले त्या दिवशी, मला ते पटत नाही. रीबिल्ड केलं नसतं तर अर्ध्या क्लास फायली ५२ व्हर्जनच्या म्हणजे जावा ८ च्या आणि अर्ध्या ५५ च्या म्हणजे ११ च्या झाल्या असत्या, आणि मग जावा ८ वर चालवताना कुठलातरी एकच क्लास लोड होत नाही म्हणून आपण दिवसभर क्लास फायलीत डोकावायचं जावापी टूल मारत बसलो असतो. त्यापेक्षा गिरणी बरी.

खरी चीड मला वेगळ्याच गोष्टीची येते. फाईल नसली की एक्लिप्स काही न विचारता त्या माणसाच्या वर्कस्पेसचं डिफॉल्ट उचलतं. आणि ते प्रत्येकाचं वेगळं! एकाचं ८, एकाचं ११. ज्याचं ११ होतं त्याच्याकडे बिल्ड संपलं तर लाल फुल्यांची रांग, कारण कोणीतरी कधीकाळी कॅचमध्ये, म्हणजे एरर पकडायच्या ब्लॉकमध्ये, एक्सेप्शनचं नाव नुसतं अंडरस्कोर ठेवलंय, जावा ८ मध्ये त्यावर फक्त वॉर्निंग येते आणि ९ पासून (२२ येईपर्यंत) थेट एरर. शेजारच्या खुर्चीवर तोच कोड बिनएरर, वर बंद करून ठेवलेल्या शेकडो वॉर्निंग मात्र परत हजर. बिल्ड सर्व्हरवर सगळं पास, कारण अँटच्या फायलीत सोर्स १.८ लिहिलेलं आहे, त्याला एक्लिप्सशी काय देणंघेणं. अर्धा तास "माझ्याकडे चालतंय", "माझ्याकडे नाही" हेच चाललं होतं. त्यात डॉटने सुरू होणाऱ्या फायली एक्लिप्सची फायलींची यादी, पॅकेज एक्सप्लोरर, मुळात दाखवतच नाही, म्हणजे काय गेलंय तेही कोणाला दिसेना.

शेवटी मीच कबूल केलं आणि कमिट रिव्हर्ट करून, म्हणजे उलटवून, पुश केलं. सगळ्यांनी पुल केलं, रिफ्रेश मारलं. आता फाईल परत येणं हाही बदलच की, त्यामुळे परत तीसच्या तीस मॉड्यूल पहिल्यापासून.

आमची लीड म्हणाली, "चला जेवून येऊ, तोवर होईल."

झालं नव्हतं.