पानी शे का?

माझा एक व्हिडिओ आहे, 19 सेकंदांचा. त्यात 46 वर्षांचा, बँकेत कॅश सांभाळणारा, चारचौघांत बऱ्यापैकी वजन असलेला एक माणूस "आई गं" म्हणून ओरडतो, शेजारच्या बाईंच्या मागे लपतो आणि लपता लपता त्यांच्या ओढणीचं टोक दातात धरतो. हा व्हिडिओ आधी घरच्या ग्रुपवर होता. मग बँकेच्या ग्रुपवर आला. आता कॉलनीच्या गणपती मंडळाकडेही पोचलाय. पासबुक भरून घ्यायला आलेले पेन्शनर काचेपलीकडून विचारतात, "साहेब, सगळं खोटं आहे हे माहीत असताना माणूस एवढा भितो कसा?"

मी हसून पुढच्याला बोलावतो. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण भुताच्या एस्केप रूममधल्या त्या 19 सेकंदांच्या आधी काय झालं ते व्हिडिओत नाही, आणि ते सोडून उत्तर देता येत नाही.

एस्केप रूम म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमच्या टोळक्याला एका सजवलेल्या खोलीत सोडतात. तिथल्या वस्तूंमध्ये कोडी लपवलेली असतात, ती सोडवत एकेक कुलूप उघडायचं आणि साधारण 60 मिनिटांत बाहेर पडायचं. बाहेर बसलेला मुलगा कॅमेऱ्यातून बघत असतो, अडलात तर स्पीकरवरून इशारा देतो. 2007 साली जपानमध्ये क्योटोला ताकाओ कातो यांनी हा प्रकार पहिल्यांदा केला. तिथून तो जगभर फिरत फिरत आमच्या जळगावात, एका कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर आला. साध्या खोलीत डोकं चालवायचं असतं. भुताच्या खोलीत डोकं चालू नये याचीही सोय असते, म्हणजे अंधार, आवाज आणि पगारी भूत.

आम्ही चौघं, आठवीपासूनचे. डॉक्टर भुसावळला दाताचा दवाखाना चालवतो. मॅडम धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. वर्गात त्यांना अरेतुरे करायचो, पण त्या शिक्षिका झाल्यापासून तोंडातून आपोआप "मॅडम" निघतं. आप्पा रावेरचा, केळीवाला. आणि मी. मे महिना होता, पारा 44 वर. आप्पाला माणशी 700 रुपये ऐकूनच घाम फुटला. "भेव वाटाचे सातशे? माझ्या बागेत ये रात्री. फुकट दाखवतो."

त्याचं म्हणणं खरं होतं. शेतीची लाईट रात्रीच्या पाळीची असली की हा माणूस दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातो. केळीच्या बागेत गारवा असतो, म्हणून साप असतात. 2017 साली चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्यानं माणसं मारली, त्या हिवाळ्यात तर आमच्याकडेही लोक बारीला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, घोळक्यानं जायचे. भूत वगैरे आप्पाच्या हिशोबात नाहीच. आमच्याकडचा मुंजाही तसा घाबरवायच्या कामाचा नाही, यावलजवळ अट्रावलला त्याची यात्रा भरते.

काउंटरवर निवडायला दोन खोल्या होत्या. एक 'डाकिणीचा वाडा', दुसरी 'बंद जिनिंग', म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा बंद पडलेला कारखाना. पोराला वाड्याचं भारी कौतुक. "सर, डाकीण एक नंबर आहे, पब्लिक वेडी होते." मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मी त्या खोलीत येणार नाही."

आम्हाला वाटलं, घाबरल्या. तसं नव्हतं. सातपुड्यात त्यांच्या आसपासच्या पाड्यांवर डाकीण ही गोष्टीतली बाई नसते. कुणाचं पोर तापानं गेलं, कुणाचा बैल मेला की एखाद्या बाईवर बोट ठेवलं जातं. बहुतेकदा ती एकटी असते, विधवा असते, नावावर तुकडाभर जमीन असते. मारहाण होते, गावाबाहेर काढतात. असल्या प्रकारांविरुद्ध 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. मॅडमच्या वर्गातल्या एका मुलीची आजी अशीच माहेरी येऊन राहिलीय, ती मुलगी डबा खाताना कुणाच्या शेजारी बसत नाही. हे सगळं त्यांनी दोन-तीन वाक्यांत सांगितलं आणि "जिनिंग चालेल" म्हणाल्या. काउंटरवरचा पोरगा ओशाळला. मला अजूनही वाटतं की त्यानं ते पोस्टर काढायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हाही होतं.

डॉक्टरचा प्रश्न वेगळाच. "आग लागली तर?" हा प्रश्न त्यानं उगाच काढला नव्हता. 2019 च्या जानेवारीत पोलंडमध्ये कोशालिन गावात एस्केप रूमला आग लागली आणि 15 वर्षांच्या पाच मुली आत गुदमरून गेल्या. पोरानं दाराशेजारचं लाल बटण दाखवलं. मग दाराच्या वरची लोखंडी पट्टी दाखवली. "मॅग्नेटवालं लॉक आहे सर. करंट आहे तोवर चिकटलेलं. लाईट गेली की सगळी दारं आपोआप सुटतात."

"मग तर इथून कुणीही सुटेल," आप्पा म्हणाला. मे महिन्यात, जळगावात.

आत गेलो. दार लागलं, वरती बारीक गुणगुण सुरू झाली. खोली खरंच मन लावून केली होती. कोपऱ्यात बारदानाची थप्पी, मधे लोखंडी वजनकाटा, मुनिमाचं तिरकं मेज, त्यावर लाल कापडात बांधलेला रोजमेळ, म्हणजे रोजच्या हिशोबाची वही. गोष्ट अशी की, रात्रपाळीचा मुनीम हिशोबात एक गाठ, म्हणजे दाबून बांधलेल्या कापसाचा गठ्ठा, कमी भरली म्हणून परत आला नाही, आणि अजून तो ती गाठ शोधतोय. मालकानं कुठून तरी सरकीची दोन खरी पोती आणून ठेवली होती. तिथे माझी पहिली गडबड झाली. माझे वडील जिनिंगमध्ये काट्यावर होते. दिवाळीनंतर ते रात्री घरी आले की त्यांच्या सदऱ्याला हाच वास असायचा, तेलकट, थोडा उबट, आणि भुवयांवर रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, लव. अंधारात तो वास आला आणि मी एकदम दहा वर्षांचा झालो. घाबरायच्या आधीच निम्मा ढिला पडलो होतो म्हणा.

रोजमेळाच्या खुणेच्या पानावर लिहिलं होतं, 'कापूस आवक 5 क्विंटल. सरकी वेगळी. मुनिमाला काय हवे?' आणि मेजाच्या खणाला तीन आकडी कुलूप. डॉक्टरनं पोत्यांवरचे नंबर लावून पाहिले. मॅडमनी पानांची बेरीज केली. आप्पा म्हणाला, "केळीचा घड असता तर सांगितलं असतं." मी नुसता उभा होतो, आणि तोंडातून वडिलांचा पाढा निघाला: क्विंटलला चौतीस किलो रुई, पाच क्विंटलाची गाठ, गाठीला एकशेसत्तर. 1-7-0. खण उघडला. तिघांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तसं बँकेत 22 वर्षांत कुणी पाहिलेलं नाही. पुढची चार मिनिटं मी त्या खोलीतला सगळ्यात शूर माणूस होतो.

मग चपला वाजल्या. फरफट, थांबणं, फरफट. बारदानाच्या पडद्याआडून एक माणूस अर्धा बाहेर आला, चेहऱ्यावर रुई चिकटवलेली, डोळ्यांच्या जागी नुसतं काळं. काहीही न बोलता तो मॅडमच्या खांद्याकडे बघत राहिला. आम्ही ओरडलो, भिंतीला चिकटलो, तो गेला. हे बेतशीर घाबरणं होतं. नंतर हसूही आलं.

आणि लाईट गेली.

एसी बंद झाला. गुणगुण थांबली. टक, टक, टक असे तीन आवाज आले आणि खोलीतली झाडून सगळी दारं सैल पडून उघडली. आम्ही अजून न सोडवलेलं कपाट, त्याच्या मागची भुयारासारखी बोळ, आणि बोळीत उकिडवं बसलेलं भूत. आप्पानं सवयीनं मोबाईलची बॅटरी थेट त्याच्या तोंडावर मारली. भुतानं हात आडवा धरला. अंगात गोणपाटाचा अंगरखा, डोक्यावर टोप, गळ्यापर्यंत घाम. म्हणालं, "भाऊ, पानी शे का?"

मी माझी बाटली दिली. त्यानं वरून, तोंड न लावता, घटाघटा सगळी संपवली. गालावरची रुई ओली होऊन लोंबायला लागली.

लाईट दहा-बारा मिनिटं आली नाही. आम्ही पाचही जण पॅसेजमध्ये खिडकीखाली फरशीवर बसलो. पोरगा अमळनेरकडचा, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खानदेशी सणाला, दरवर्षी गावी जातो, यंदा नेमकी परीक्षा येईल की काय या काळजीत होता. घरी आईला सांगितलंय, मोबाईलच्या दुकानात काम करतो. मॅडमनी त्याचा केमिस्ट्रीचा कुठला तरी विषय राहिलाय तो काढून घेतला आणि रागावल्यासुद्धा. डॉक्टरनं त्याची अक्कलदाढ पाहिली. मग भुतानंच धंद्यातली गंमत सांगितली. पहिल्या पाच मिनिटांत तो कॅमेऱ्यावर बघून ठरवतो, जास्त कोण भिणार. पण त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्या शेजारच्याकडे बघायचं. भिणाऱ्याला वाटत राहतं, आता आपला नंबर. आणि शेवटी काट्यामागच्या पडद्यातून त्याच्याच कानाशी जायचं.

"आज कोण आहे?" मी विचारलं.

तो लाजला. "तुम्हीच आहे ना काका."

म्हणजे बघा. मला त्याचं नाव माहीत होतं. राहिलेला विषय माहीत होता. तो कुठून येणार, कुणाकडे येणार, कानाशी येणार, सगळं त्याच्याच तोंडून ऐकलेलं. लाईट आली, काउंटरवरचा म्हणाला, 25 मिनिटं बाकी आहेत, करा पूर्ण. दार लागलं, गुणगुण सुरू झाली.

आणि मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटायला लागली.

काट्यामागचा पडदा सोडून मला दुसरं काही दिसेना. कोडी ते तिघं सोडवत होते, मी पाठ भिंतीला लावून पडद्यावर पहारा देत होतो. मी मनाशी म्हणत होतो, अरे तो पोरगा आहे, केमिस्ट्रीत नापास आहे. डोकं हो म्हणत होतं. तळहात ऐकत नव्हते, ओलेच. पोटऱ्या आपोआप पळायच्या तयारीत ताठ. पडदा हलला नाही तेव्हा जास्त वाईट वाटायचं, कारण मग तो अजून यायचा बाकी. शेवटी मी एक क्षण कुलपाकडे पाहायला मान वळवली आणि कानाशी कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "गाठ?"

तेच ते 19 सेकंद.

नंतर डॉक्टरनं मला एक अभ्यास वाचायला पाठवला. डेन्मार्कमध्ये आरहूस विद्यापीठातल्या लोकांनी एका जुन्या मासळीच्या कारखान्यात थाटलेल्या भूतघरात 110 जणांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजायची यंत्रं बांधली आणि त्यांना आत सोडलं. 2020 साली ते छापून आलं. मजा सगळ्यात जास्त कुणाला आली, तर जे मधोमध घाबरले त्यांना. फार कमी घाबरलेल्यांना कंटाळा, फार जास्त घाबरलेल्यांना त्रास. आमच्यावर यंत्र न बांधताही हाच हिशोब निघाला असता: आप्पा कंटाळला, डॉक्टर आणि मॅडम खूश, आणि मी, ते तुम्ही पाहिलंतच. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात पुरतं मिळत नाही. भूत खोटं हे आम्हा चौघांनाही सारखंच माहीत होतं. मला तर सगळ्यात जास्त माहीत होतं.

त्यापेक्षा आप्पा जे बोलला ते मला जवळचं वाटतं. खाली उतरताना मी म्हटलं, तू बरा, तुला काही होत नाही. तर म्हणाला, "कोण म्हणे? माझ्या बांधावर एक साप राहतो. धामण आहे, इखारी नाही. बीळ माहीत आहे मले, चार वर्षं झाली. तरी तिथे आलं की पाय उचलून पडतो." आणि जिन्यात त्यानं तो पाय उचलून दाखवला, घोड्यासारखा. 700 रुपयांत त्याची धामण नव्हती, एवढंच.

सुटलो आम्ही, तीन मिनिटं राखून, तेही त्याच्यामुळेच. शेवटचं वजन काट्यावर बरोबर पडलं होतं, पण कुणाला कळलं नाही. आप्पानं मान वर केली, "स्टार्टर पडला," म्हणाला आणि दार ढकललं. वरची गुणगुण थांबली होती. रात्री मोटर बंद पडलेली अर्ध्या झोपेत घरातून ओळखणारा कान तो.

मग शेवभाजी खाल्ली, झणझणीत, आणि माझी नक्कल तीनदा झाली. साडेदहाला गाडी काढायला पुन्हा कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमध्ये गेलो. तिघं गेटवर थांबले होते. स्कूटरला चावी लावतोय तोच मागून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "काका..."

टी-शर्ट, पाठीला सॅक, कानामागे रुईचा एक पुंजका राहिलेला. "व्हिडिओ पाठवायचा होता, नंबर देता का?"

नंबर दिला. पण आधी चावी शोधावी लागली, ती कुठे उडाली होती कोण जाणे. त्यानंच मोबाईलची बॅटरी लावून शोधून दिली.