सरकारी मेलच्या 'टू' मध्ये आमचे अण्णा

गेल्या फळछाटणीच्या वेळची गोष्ट. ऑक्टोबर संपत आलेला, पाऊस काही हटायला तयार नाही, द्राक्षबागेत डावणी रोगाची भीती, आणि अण्णा रोज संध्याकाळी तासगावकडनं मला सांगलीत फोन करून विचारायचे की तुझ्या मोबाईलात उद्याचं काय दाखवतंय. त्याच आठवड्यात एका सरकारी कार्यालयाकडून सल्ला पत्रिकेचा मेल आला. पंधरा दिवसांतनं एकदा येतो, फवारणी, हवामान, कुठली योजना सुरू झाली वगैरे असतं, आणि माहिती खरंच कामाची असते म्हणून तर मीच अण्णांचं नाव त्यात नोंदवलं होतं. त्यांचा मेल माझ्याच फोनवर उघडतो. तर ह्या वेळी मेल उघडला आणि वर बघते तर 'टू' च्या रकान्यात पत्तेच पत्ते. मी बसून मोजले. ४१२.

म्हणजे ४१२ शेतकऱ्यांना एकमेकांचे पत्ते दिसत होते. बीसीसी नावाचा जो रकाना असतो, ज्यात टाकलं की कुणाला कुणाचं दिसत नाही, त्यात टाकायचे ते सगळे सरळ 'टू' मध्ये टाकले होते.

माझ्या ऑफिसात हे सांगितलं तर दोघीतिघी म्हणाल्या अगं ईमेलच तर आहे, त्यात काय एवढं. तर त्यात काय आहे ते सांगते. आपल्याकडं गावातल्या माणसाचा ईमेल बहुतेक वेळा तो स्वतः काढत नाही, ई-सेवा केंद्रातला पोरगा काढून देतो, कुठलातरी फॉर्म भरताना, घाईत. आणि तो पोरगा काय करतो, नाव, आडनाव आणि पुढं मोबाईल नंबर जोडून टाकतो म्हणजे माणसाला लक्षात राहतं. नाहीतर जन्मसाल. अण्णांचा तसाच आहे, नंबरवाला. म्हणजे त्यांचा ईमेल ज्याच्या हाती गेला त्याच्या हाती नाव गेलं, फोन नंबर गेला, आणि पत्रिका द्राक्षाची असल्यामुळं हा माणूस बागायतदार आहे हेही गेलं. मार्च-एप्रिलमध्ये ह्याच्या हातात माल विकल्याचे पैसे येतात हे सांगायला आणखी वेगळं काही लागत नाही. माल नेऊन पैसे बुडवणारे व्यापारी आमच्या भागाला नवे नाहीत, त्यामुळं ही भीती मी उगीच घालत नाहीये.

त्या यादीत अजून एक दिसलं ते मनाला फार लागलं. एका ई-सेवा केंद्राचाच पत्ता सात वेळा होता. म्हणजे सात शेतकऱ्यांनी नाव नोंदवलं, त्यांच्याकडं ईमेल नव्हता, पोरानं केंद्राचा टाकला, आणि त्या सात जणांचा सल्ला गेली दोन वर्षं केंद्राच्या इनबॉक्समध्ये पडतोय.

मग पुढं जे होतं तेच झालं. कुणीतरी रिप्लाय ऑल करून लिहिलं की माझं नाव काढा, ते ४१२ जणांना गेलं, त्यावर आणखी पंधरावीस जणांनी तसंच लिहिलं, आणि तिसऱ्या दिवशी त्याच यादीतल्या एका फवारणीच्या औषधवाल्यानं सगळ्यांना आपला रेटकार्ड पाठवला. आठवड्यानंतर अण्णांचा फोन. "आगं, ह्यो कोण मला नावानिशी फोन करतोय? बागेवर कर्ज पाहिजे का म्हणतोय. किती एकर हाय ते बी इचारतोय." अण्णा बहात्तर वर्षांचे आहेत, समोरचा नावानं बोलला की त्यांना वाटतं ओळखीचाच असणार आणि ते सगळं सांगत बसतात.

बीसीसीची चूक किती महाग पडू शकते ह्याचं एक उदाहरण मी नंतर वाचलं ते डोक्यातनं जात नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयानं अफगाणिस्तानात अडकलेल्या, ब्रिटिशांसोबत काम केलेल्या लोकांना एक मेल पाठवला, तालिबानपासून लपून बसलेली माणसं ती, आणि २४५ जणांचे पत्ते 'टू' मध्ये टाकले. दोन जणांनी रिप्लाय ऑल केलं, त्यातल्या एकानं तर आपण कुठं आहोत ते लिहिलं. तिथल्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयानं २०२३ च्या डिसेंबरमध्ये मंत्रालयाला साडेतीन लाख पौंडाचा दंड केला. आमच्या अण्णांच्या जिवाला तसा काही धोका नाही, पण चूक अगदी तीच, एका रकान्याची, आणि तिथं सरकारच्याच एका खात्याला सरकारच्याच कायद्यानं जाब विचारला गेला.

तिकडचा आणि आपला हा फरक मला आधीपासून थोडा माहीत होता तो द्राक्षामुळंच. आमचा थोडा माल युरोपला जातो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडचं, म्हणजे वेलीची वाढ रोखायला वापरतात आणि आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्याचं प्रकरण झालं, भारतातली द्राक्षं तिथं अडकली, तेव्हापासून आमच्या घरात रेसिड्यूचे, म्हणजे मालात राहणाऱ्या औषधाच्या अंशाचे, नियम कुठं काय बदलले ह्याच्यावर डोळा असतो, आणि म्हणून मी तिकडच्या एका सरकारी संस्थेची पत्रिकाही मागवते. युरोपियन युनियनच्या संस्थांसाठी स्वतःचा वेगळा कायदा आहे, २०१८/१७२५ नंबरचं रेग्युलेशन, ११ डिसेंबर २०१८ पासून लागू. कंपन्या वगैरे बाकीच्यांसाठी जीडीपीआर नावाचा माहिती संरक्षणाचा कायदा आणि स्वतःच्या संस्थांसाठी हा. पत्ता घेतानाच त्यांना सांगावं लागतं की माहिती कोण घेतंय, कशासाठी, कुठल्या आधारावर, किती दिवस ठेवणार, कुणाला देणार, आणि तक्रार करायची तर कुणाकडं. प्रत्येक संस्थेत एक डेटा प्रोटेक्शन ऑफिसर असावाच लागतो. तुम्ही विचारलं की माझं काय काय ठेवलंय तर साधारण एका महिन्यात उत्तर. यादी फुटली आणि लोकांना त्याचा धोका असेल तर ७२ तासांत ह्या संस्थांवर लक्ष ठेवणाऱ्या पर्यवेक्षकाला कळवायचं. नाव काढा म्हटलं आणि ठेवायचं दुसरं कारण नसेल तर काढायचं. आणि संस्थेनं त्याचा आदेश पाळला नाही तर हा पर्यवेक्षक तिला एका उल्लंघनासाठी ५०,००० युरोपर्यंत दंड करू शकतो.

तिथं सगळं गोड चाललंय असंही नाही बरं का. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या जनरल कोर्टानं युरोपियन कमिशनलाच एका जर्मन माणसाला ४०० युरो भरपाई द्यायला लावली, कारण कमिशनच्या एका साईटवर फेसबुकनं लॉगिन करायचं बटण होतं आणि त्यातनं त्याचा आयपी अॅड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा पत्ता, अमेरिकेला गेला. ४०० युरो म्हणजे फार नाही. पण एक साधा माणूस एवढ्या मोठ्या सरकारी यंत्रणेला कोर्टात उभी करतो आणि कोर्ट म्हणतं हो, ह्याचं नुकसान झालंय, हे मला फार मोठं वाटतं. आपण मात्र ईमेलच तर आहे म्हणतो.

आता आपलं. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये, म्हणजे अण्णांचा पत्ता फुटल्यावर दोनतीन आठवड्यांनी. त्यातली बरीचशी मुख्य कलमं अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू होणार. कायद्यात चांगल्या गोष्टी आहेत, त्या आधी सांगते. संमती घेताना नोटीस मराठीत वाचायचा पर्याय द्यावा लागेल, संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं पाहिजे. आणि कामाला लागते तेवढीच माहिती घ्यायची, कायद्यातच उदाहरण आहे की ऑनलाईन डॉक्टरचं अॅप तुमच्या फोनमधली काँटॅक्ट लिस्ट मागत असेल आणि तुम्ही हो म्हणालात तरी ती संमती त्या लिस्टला लागू होत नाही, कारण उपचाराला तिची गरजच नाही.

हे वाचल्यावर मी अण्णांचा जुना फॉर्म काढून बघितला, फोटो होता माझ्याकडं. नाव, गाव, मोबाईल, ईमेल, जन्मतारीख, प्रवर्ग, क्षेत्र, आधारचे शेवटचे चार अंक. एका पत्रिकेसाठी! पंधरा दिवसांतनं एक मेल पाठवायला जन्मतारीख कशाला लागते, आणि प्रवर्ग कशाला लागतो? आणि मीच भरला होता तो फॉर्म, तेव्हा काही वाटलं नाही ह्याचं आज वाईट वाटतं.

पण ह्याच कायद्यात कलम १७(४) आहे, आणि ते वाचून मी खरंच उठून खिडकीशी गेले. त्यात म्हटलंय की काम संपल्यावर किंवा माणसानं सांगितल्यावर माहिती पुसून टाकायची जी सक्ती आहे ती सरकारला आणि सरकारी संस्थांना लागू नाही. म्हणजे ही कलमं लागू झाली की कंपनीला मी म्हणू शकते माझं नाव काढा आणि पुसा. कार्यालयाला म्हणू शकते मेल बंद करा, पण पुसा म्हणून कायद्यानं बांधू शकत नाही. अण्णांची जन्मतारीख आणि आधारचे अंक त्या एक्सेलमध्ये किती वर्षं राहणार ते कार्यालय ठरवणार. आणि ह्याच कायद्यानं माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) पण बदललं, वैयक्तिक माहिती म्हटलं की नाही म्हणायला आता आधीपेक्षा मोठी वाट झालीय. आपली माहिती त्यांच्याकडं कायम, आणि त्यांची आपल्याला मिळवणं अवघड. हे मला पटत नाही, कितीही विचार केला तरी पटत नाही.

तरी मी माहिती अधिकारात अर्ज टाकलाच. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, आपल्या महाराष्ट्रात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, त्यामुळं मोजून लिहिलं: यादी कुठं ठेवलीय, कोण कोण उघडू शकतं, बाहेर कुणाला दिलीय का, किती काळ ठेवायचं ह्याचा काही आदेश आहे का. कुणाचंही नाव मागितलं नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं, सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही. वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील केलं.

सुनावणीला गेले तर साहेब माणूस म्हणून चांगले निघाले, त्यांनी ऑपरेटरलाच बोलावलं. तो पोरगा कंत्राटी, पंचवीस-सव्वीसचा असेल. त्यानं कॉम्प्युटर दाखवला, यादी डेस्कटॉपवर उघडी, पासवर्ड नाही, त्या मशीनवर तिघं काम करतात, आणि मेल तो स्वतःच्या खासगी आयडीवरनं पाठवतो कारण ऑफिसच्या आयडीवरनं एवढे एकदम जात नाहीत म्हणे. म्हणजे तो पोरगा उद्या नोकरी सोडून गेला तर ४१२ जणांचे पत्ते त्याच्या खात्यात तसेच राहणार. "मॅडम, बीसीसी काय असतंय ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही," म्हणाला. मला त्याचा राग नाही आला. त्याला मी तिथंच बसून दाखवलं कसं करायचं, आणि स्वतःलाच एक चाचणी मेल पाठवून बघितला दोघांनी.

तेव्हापासून मेल बीसीसीत येतात. खाली एक ओळ पण आली, पत्रिका नको असल्यास कळवावे. त्या सात जणांची नावं त्यानं शोधून दिली साहेबांना, त्यांचे स्वतःचे नंबर घेऊन त्यांना एसएमएस करायचं ठरलंय.

जन्मतारीख, प्रवर्ग आणि आधारचे रकाने मात्र अजून तसेच आहेत. अण्णांना विचारलं तुमचं नावच काढायला सांगू का, तर म्हणाले, "नाव नगं काढू, फवारणीचं कळतंय की त्यातनं. पर माझी जन्मतारीख त्यांना कशाला? वाढदिवस करनार हायत व्हय माझा?" त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. मी त्यांचं वाक्य जरा शुद्ध करून अर्जात घातलं, सर्व नोंदणीधारकांच्या बाबतीत ईमेल आणि गाव सोडून बाकी रकाने काढून टाकावेत म्हणून, आणि यादीतल्या ओळखीच्या एकवीस जणांच्या सह्या घेतल्या. सोमवारी जाऊन अर्ज दिला, पोचेवर आवकचा शिक्का घेतला.