धडकेआधी हात कुठे घ्यायचे?

उसाच्या रानात जुना ट्रॅक्टर हाकणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते: स्टेअरिंगच्या आत अंगठा अडकवायचा नाही. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक दगडाला थटलं की स्टेअरिंग गर्रकन फिरतं आणि आतली दांडी अंगठ्यावर बसते. रेसच्या गाडीत होतं तेच, फक्त हिसका कैक पटीने मोठा. पुढचं चाक भिंतीला तिरकं लागलं की चाकाला जोडलेली दांडी, म्हणजे टाय रॉड, स्टेअरिंगच्या दातेरी पट्टीला (रॅकला) ढकलते, रॅक स्टेअरिंग फिरवतो, आणि रिंग घट्ट धरून बसलेल्याचं मनगट किंवा अंगठा जातो.

म्हणून गाडी आता लागणारच हे पक्कं झालं की हात सोडायचे. कोपरं अंगाला, हात छातीवर आडवे, खांद्याचे पट्टे मुठीत. मूठ हवीच, कारण सुटे हात झटक्याने पुढे उडतात आणि रोल केजच्या, म्हणजे गाडीच्या आतल्या संरक्षक पिंजऱ्याच्या, पाइपवर आपटतात.

नवख्यांची चूक मात्र उलटी असते, ते फार लवकर सोडतात. चाकांना पकड आहे तोवर गाडी चालवायचीच. गाडी फिरली तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबायचे. इंजिन बंद पडत नाही, आणि लॉक झालेली चाकं गाडीला एकाच रेषेत घसरत नेतात, त्यामुळे मागच्याला ती कुठे जाणार हे कळतं. ताशी १०० वरून ८० वर आलात तरी धडकेची ऊर्जा ३६ टक्क्यांनी कमी होते. त्यामुळे ब्रेकवरचा पाय शेवटपर्यंत काढायचा नाही, असं आमचं ठाम मत. गुडघा मात्र ताठ ठेवायचा नाही. पॅडल आत घुसलं तर तो मार सरळ खुब्यापर्यंत जातो. सीट लावतानाच ब्रेक पूर्ण दाबून गुडघ्याला बाक राहतो का बघा. २००७ साली माँट्रियलला फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर रॉबर्ट कुबिका याची गाडी ७५ जी च्या (वजनाच्या ७५ पट) धक्क्याने फुटली, तरी तो किरकोळ डोकेदुखापत आणि मुरगळलेला घोटा एवढ्यावरच सुटला. पाय ही अशी सहज मार लागणारी जागा आहे.

आता हिशोब. ताशी १०० ने आलेली गाडी ६० सेंटीमीटर चुरगळून थांबली, तर सगळा खेळ ०.०४ सेकंदात आटोपतो आणि सरासरी ६५ जी बसतात. सत्तर किलोच्या माणसावर साडेचार टन. तो भार हातांनी पेलता येत नाही, आणि माणसाला नुसतं उमगायलाच ०.२ सेकंद लागतात. धडकेची खरी तयारी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाडी तयार करायच्या जागेत होते, पट्टे आवळताना.

साताऱ्या-सांगलीहून गाडी ट्रेलरवर घालून कोइमतूरला रेसला जाणाऱ्यांच्या गाड्यांत हमखास दिसणारा घोळ म्हणजे चार पॉइंटचा, म्हणजे चार जागी बांधलेला, स्वस्त हार्नेस (रेसचा सीटबेल्ट). खांद्याचे पट्टे ओढले की ते कमरेचं बकल वर खेचतात, पट्टा हाडावरून सरकून पोटावर येतो, आणि धडकेत माणूस खालून निसटतो. आतडी फाटतात ती अशी. मांड्यांमधून जाणारे पट्टे याचसाठी, म्हणून सहा पॉइंटचाच घ्या. आवळायचा क्रम ठरलेला: आधी कंबर, ओटीपोटाच्या खाली, खुब्याच्या हाडांवर, श्वास सोडून. मग मांड्या, शेवटी खांदे. कंबर इतकी घट्ट की दुखली पाहिजे. अंगात जॅकेट असेल तर ते आधी काढा, त्याच्या जाडीएवढी ढील उगाच मिळते.

खांद्याचे पट्टे सीटमागे जवळपास आडवे, किंचित खाली जायला हवेत. मागच्या फ्लोअरला बोल्ट मारून पट्टे तीव्र उताराने खाली नेले, तर धडकेत ते मणका दाबतात. नुसत्या पत्र्याला वॉशर लावून बोल्ट मारला तर पत्र्यासकट उपटून येतो. खाली किमान ३ मिलिमीटर जाडीची, ४० चौरस सेंटीमीटरची प्लेट हवी. लेबलवरची मुदत संपलेला पट्टा विकतही घेऊ नका, उन्हाने सूत कुजतं.

मान. हेल्मेटसह डोकं सहा किलो धरा, ६५ जी ला जवळपास चार क्विंटल. धड पट्ट्यांनी थांबतं, डोकं पुढे जातच राहतं, आणि कवटीचा तळ मोडतो. २००१ मध्ये अमेरिकेत डेटोनाच्या ट्रॅकवर रेसर डेल अर्नहार्ट गेला तो यानेच. त्याच वर्षी नॅस्कार या तिथल्या रेसिंग संस्थेने डोकं-मान धरून ठेवणारं साधन सक्तीचं केलं, फॉर्म्युला वनने २००३ पासून. हान्स, म्हणजे असंच खांद्यावर बसून हेल्मेटला धरणारं साधन, घातलं की खांद्याचे पट्टे त्याच्यावरून नीट बसलेत का बघून पुन्हा आवळा, कारण ते पट्ट्यांखालीच धरलं जातं. गाडीचं तोंड फिरून ती मागच्या बाजूने आपटणार असेल तर डोकं हेडरेस्टला टेकवा. मान समोर, दात मिटलेले, जीभ आत. अंग सैल सोडलं की माणूस वाचतो ही पारावरची थाप आहे.

कोल्हापूरकडच्या कार्टिंग ट्रॅकवर यातलं अर्धं लागू नाही. रेसच्या कार्टला पट्टाच नसतो, तिथे रिंग धरूनच राहायचं, पाठ सीटमध्ये दाबून, फक्त अंगठे बाहेर. आणि खंबाटकीचा बोगदा ओलांडून एस वळणावर घरची गाडी सुटली, तर छातीवर हात घ्यायला जाऊ नका. समोर एअरबॅग आहे, ती हातच तोंडावर आणून आपटेल. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, छातीपासून स्टेअरिंग २५ सेंटीमीटर दूर, ब्रेक पूर्ण. शेजारच्याचे पाय डॅशबोर्डवर असतील तर ते आधीच खाली घ्यायला लावा.

गाडी उलटी होऊन थांबली, तर घाईने बकल उघडू नका, डोक्यावर पडाल. आग नसेल तर आधी इंजिन आणि सगळी वीज तोडणारा कटऑफ स्विच बंद. पाय पुढे रोवा, एक तळहात छताला पक्का लावा, हनुवटी छातीला, आणि मगच दुसऱ्या हाताने बकल फिरवा.