ड्राइव्ह चांगला, डिस्क फसवी

आज दिवसभर डीव्हीडी बर्नरशी, म्हणजे डिस्कवर लिहिणाऱ्या ड्राइव्हशी, झटापट चालली होती. आबांच्या भजनी मंडळाचं जुनं रेकॉर्डिंग डिस्कवर काढून द्यायचं होतं, आणि दर वेळी शेवटी शेवटी येऊन एरर! ड्राइव्हला कॉम्प्युटरशी जोडणारी साटा केबल बदलली, लेन्सवरची धूळ काढली, वेग १६एक्सवरून ८एक्सवर आणला. ढिम्म फरक नाही. मग कपाटातली व्हर्बेटिमची जुनी डिस्क घातली आणि व्हेरिफायसकट (लिहिलेलं परत वाचून तपासण्यासकट) काम फत्ते!

बिघडलेली डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, तर कडेजवळचा जांभळा थर चक्क डागाळलेला. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून कडेचा डाय (ज्यावर लिहिलं जातं तो रंगाचा थर) खराब असला की सगळं नीट जाऊन शेवटी घात होतो. ड्राइव्ह फेकायची घाई करू नका हो!

डब्यावरचं नाव आणि खरा उत्पादक बरेचदा वेगळे असतात. इमगबर्न या डिस्क लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कच्या उत्पादकाचा कोड दिसतो: एमसीसी म्हणजे मित्सुबिशी केमिकल, टीवायजी म्हणजे ताइयो युदेन. ताइयो युदेननं २०१५ मध्ये डिस्क बनवायचा धंदाच बंद केला, याचं फार वाईट वाटतं.

मंडळाच्या अजून बऱ्याच कॅसेट बाकी आहेत. कुणाकडे चांगल्या सीलबंद डिस्क पडून असतील तर कळवा, विकत घेईन.