लॅटिनचा तास आणि संध्याकाळची पंधरा मिनिटे

३१ जुलैला जेज्विट या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांचा सण आला की आपल्या शाळेत स्पेनमधल्या पाम्प्लोनाची लढाई आणि पायावर बसलेला तोफगोळा हमखास सांगितला जाई. शाळेच्या स्मरणिकेत मात्र त्यांचा वर्गातला प्रसंग यायला हवा. १५२४ साली, तिशी उलटून गेल्यावर, ते बार्सिलोनात लहान मुलांबरोबर लॅटिन व्याकरण शिकायला बसले. क्रियापदे घोकायला घेतली की देवाविषयीचे गोड विचार मनात दाटत आणि पाठांतर तिथेच राही. प्रार्थनेत किंवा मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) हे विचार एवढ्या जोराने येत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले आणि हा मोह आहे हे त्यांनी ओळखले. सांता मारिया देल मार चर्चमध्ये त्यांनी आपल्या गुरुजींना वचन दिले : या गावात भाकरी आणि पाणी मिळते आहे तोवर पुढची दोन वर्षे तुमचा एकही पाठ लक्ष दिल्यावाचून जाऊ देणार नाही.

शाळेत आपल्या गणिताच्या वहीवरही 'ए. एम. डी. जी.' ही लॅटिन आद्याक्षरे, म्हणजे 'देवाच्या अधिक गौरवासाठी', लिहायला लावत, त्यामागे हीच दृष्टी आहे. अभ्यासाच्या वेळी अभ्यास हीच उपासना. १५५१ च्या त्यांच्या एका पत्रातही शिकणाऱ्या जेज्विट तरुणांना हाच सल्ला आहे : शिक्षण चालू असताना लांबलचक ध्यानाला वेळ मिळणार नाही, तेव्हा बोलताना, चालताना, पाहताना, चव घेताना, ऐकताना, विचार करताना देवाचे सान्निध्य शोधा.

हे शोधायचे कसे, याची रीत म्हणजे आत्मपरीक्षण. पंधरा मिनिटे पुरतात. पायऱ्या पाच. आधी आभार. मग आपला दिवस खऱ्या उजेडात दिसावा म्हणून पवित्र आत्म्याकडे मागणे. मग उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने पाहणे. मग चुकले त्याची क्षमा. शेवटी उद्यासाठी एक निश्चय आणि प्रभूने शिकवलेली प्रार्थना.

आभार पहिले का? तिथे घाई केली की पुढचे सगळे बिघडते. चुकांपासून सुरुवात करणारा माणूस आठवडाभरात स्वतःला बोल लावत बसतो आणि पंधराव्या दिवशी हा नेम सोडून देतो. 'सगळ्यासाठी धन्यवाद' म्हणणे म्हणजे काहीच न म्हणणे. लोकलमध्ये सरकून बसायला जागा देणारी बाई, वेळेवर आलेले नळाचे पाणी, सासूबाईंनी न सांगता निवडून ठेवलेली मेथी, अशा नेमक्या तीन-चार गोष्टी आठवाव्यात. त्या आठवू लागल्या की देव दिवसभर कुठे होता हे दिसू लागते.

तिसऱ्या पायरीवर दिवस फक्त चांगला-वाईट ठरवायचा नसतो. मन कुठे मोकळे झाले, कुठे आक्रसले, हेही पाहायचे. इथे हमखास होणारी गडबड म्हणजे आपण दुसऱ्याचे परीक्षण करू लागतो : साहेब असे का बोलले, जाऊबाईंनी तसे का केले. तसे झाले की प्रश्न बदलावा : त्या क्षणी माझ्या मनात काय उठले आणि मी त्याचे काय केले?

निश्चय लहान आणि जागेवरचा हवा. 'उद्यापासून रागावणार नाही' हा निश्चय सकाळच्या डब्यांच्या घाईतच मोडतो. 'मुलाची वही हातात घेण्याआधी पाणी पिईन, मगच बोलेन' हा टिकतो. अंथरुणावर पडून परीक्षण करू नये, झोप लागते. जेवणानंतर, झाकपाक झाल्यावर, खुर्चीत ताठ बसावे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. रात्रपाळीच्या नर्सने किंवा कामगाराने पाळी संपल्यावर बसावे, कारण दिवस तिथे संपतो.

एखादी खोड सुटत नसेल तर इग्नेशियस वेगळी पद्धत सांगतात, आणि ती मला फार मोलाची वाटते. एका वेळी एकच खोड घ्यायची. सकाळी उठताच तिच्याविषयी सावध राहण्याचा संकल्प करायचा. दिवसात ती घडली की छातीवर हात ठेवून मनात खंत करायची. चारचौघांतही हे कुणाच्या लक्षात येत नाही. कागदावर रोजच्या दोन ओळी आखायच्या. दुपारच्या जेवणानंतर पहिल्या ओळीवर जितक्या वेळा घडली तितके ठिपके, रात्रीच्या जेवणानंतर दुसरीवर. मग दोन ओळी, दोन दिवस, दोन आठवडे ताडून पाहायचे. ठिपके वाढले तरी कागद फाडू नये. सुरुवातीला ते वाढतातच, कारण आधी न दिसणारी गोष्ट दिसायला लागलेली असते.

फार हळव्या मनाच्या माणसाने मात्र ठिपक्यांच्या मागे लागू नये. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावी खुद्द इग्नेशियस त्याच त्या पापांचे धर्मगुरूंपुढे पुन्हा पुन्हा निवेदन करत राहिले आणि सगळे नीट सांगितले की नाही या शंकांनी पार खचून गेले. अशांनी कागद बाजूला ठेवावा, आभारांना वेळ वाढवावा आणि अनुभवी फादरांशी बोलावे.

कधी महिनाभर काहीच जाणवत नाही. प्रार्थना कोरडी, देव दूर. अशा उदासीत आधी स्वस्थ मनाने घेतलेला निर्णय बदलू नये, हा इग्नेशियसांचा नियम. नोकरी सोडणे, नाते तोडणे, हा नेमच बंद करणे, यांतले काहीही त्या दिवसांत ठरवू नये. उलट पंधरा मिनिटांची सतरा करावीत.