आईचं ऑपरेशन आणि टॅबमधले डाउनलोड

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. तपासण्या, कॅशलेसची मंजुरी, खोली, सगळं सुरळीत झालं. अडलं ते टॅबपाशी. कुणाला ही बाब किरकोळ वाटेल, पण रात्री दोन वाजता पाय ठणकत असताना माणसाला काहीतरी बघायला-ऐकायला लागतंच.

तिच्या आवडीचे सहा सिनेमे मी एका ओटीटी अ‍ॅपवर डाउनलोड केले. शनिवारी, नीट चालतात ना म्हणून प्रत्येक सिनेमा पाच-पाच मिनिटं लावून बघितला. सोमवारी अ‍ॅडमिट, मंगळवारी ऑपरेशन. बुधवारी रात्री तिने टॅब मागितला, तर एकही लागेना. ‘मुदत संपली, इंटरनेटला जोडा.’ डाउनलोडला मुदत असते हे माहीत होतं. पण काही सिनेमांना एकदा प्ले दाबलं की पुढे ४८ तासच मिळतात, हे तेव्हा कळलं. मी तपासायला लावले तिथूनच ते तास मोजायला लागले होते! प्ले दाबायच्या आधी हे ठळक सांगायला यांचं काय जातं?

वॉर्डात माझ्या मोबाईलला रेंज नाही. हॉस्पिटलचं वाय-फाय होतं, त्याला ओटीपी लागतो, आणि ओटीपी यायला रेंज लागते. टॅबवर नंबर टाकायचा, फोन घेऊन जिन्याच्या खिडकीशी धावायचं, परत येईपर्यंत ते पान बंद पडलेलं. तीनदा झालं. टॅब घेऊनच जिन्यात गेले, तर तिथे वाय-फाय पोचेना. शेवटी रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, “ताई, माझा नंबर टाका, माझ्या सिमला इथे रेंज येते.” जोडलं एकदाचं, पण सिनेमा पुन्हा उतरवायला चाळीस मिनिटं दाखवत होतं. आई म्हणाली, “राहू दे गं, तू पड जरा.” आणि छताकडे बघत राहिली. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून सांगते, अ‍ॅपमधलं काही न्यायचंच असेल तर अ‍ॅडमिट व्हायच्या आदल्या रात्री उतरवा. तपासायचं तर एकच लावा, तेही फ्लाइट मोडवर, मग ते काढून नव्याने उतरवा.

खरा आधार झाला तो मेमरी कार्डाचा. घरच्या जुन्या सीडींवरची नाट्यगीतं आणि कीर्तनं मी एमपी-३ करून ठेवली होती. १२८ केबीपीएस दर्जाला (हा आकडा जितका मोठा तितकी फाइल मोठी) तासाभराचं ऑडिओ साधारण ५८ एमबी होतं, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पाचशेहून जास्त तास. त्याला ना मुदत, ना लॉगिन. भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ मात्र त्यावर जाईना. कार्डात जागा होती, पण ते फॅट-३२ होतं, म्हणजे फाइली ठेवायच्या जुन्या पद्धतीचं, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. कार्ड एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट केल्यावर तो गेला. (आधी कार्डातलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा.) गाणी-व्हिडिओ चालवायला व्हीएलसी नावाचं अ‍ॅप घेतलं, फुकट आहे.

ई-साहित्य प्रतिष्ठानची मोफत पीडीएफ पुस्तकंही भरली होती, ती तिसऱ्या दिवसापासून वाचली गेली. त्याआधी तिच्या हाताला सलाईनची सुई होती, टॅब धरवत नव्हता. जेवणाच्या चाकांच्या टेबलावर उभा राहील असं स्टँडवालं कव्हर आधीच घ्या. इअरफोन वायरचे. आणि चार्जरची वायर लांब हवी, आमच्या खोलीत प्लग पलंगाच्या डोक्यामागे होता.